उनामायचं बी

यंत्रानं नाव सांगितलं तेव्हा कावेरी भारंबे शेंगदाणे खात होती. ती चावायचीच थांबली.

पडद्यावर हिरव्या अक्षरांत एकच शब्द उभा होता: उनपाणी.

सातपुड्याच्या पायथ्याशी एवढी गावं, एवढे पाडे, दूध संघाच्या गाड्या रोज त्यांतून धूळ उडवत फिरणाऱ्या. आणि यंत्राचं बोट नेमकं तिच्या माहेरावर पडावं?

उनपाणी म्हणजे डोंगराच्या कुशीतलं मूठभर गाव. एका काळ्या कातळाखालून बारमाही ऊन पाण्याचा झरा निघतो. पाय घातला तर चटका बसेल न बसेल, इतपत ऊन. गाव त्याला उनामाय म्हणतं. लेक सासरी निघाली की आई तिची पितळी चरवी उनामायच्या पाण्यात विसळते आणि ओटीत घालते. कावेरीची चरवी डेअरीच्या कॉलनीत, गॅसशेजारी अजून होती. दूध तिच्यातच तापायचं. तिला लहानपणापासून पाठ असलेली ओवीही हेच सांगायची:

उनामाय माझी, डोंगराच्या गं कुशीत
लेक निघाली सासरी, ऊब बांधली ओटीत

"निघालं का नाव?" मागून वायकोळेसाहेब आले. ते संघाचे सरव्यवस्थापक. दूध पावडरीची पोती गिऱ्हाइकाकडून परत आल्यापासून त्यांचं ॲसिडिटीचं औषध वाढलं होतं. पडदा वाचून त्यांनी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. "उनपाणी. बरं झालं. लहान गाव आहे."

"लहान आहे म्हणून बरं झालं?"

"तसं नव्हे हो. म्हणजे दूध फार नाही त्यांचं. बंद केलं तरी संघाला जाणवायचं नाही. उद्या संचालक येतायत. त्यांच्यासमोर अंगठा द्या, की नोंद गेली कूळपटावर." जाता जाता ते थबकले. "तुमचं माहेर त्याच बाजूला ना?"

"बाजूला नाही, साहेब. तेच."

"अरेरे," असं म्हणून ते गेले. त्या अरेरेत खेद होता, पण अंगठ्याला सूट नव्हती.

दूध तापवलं की त्यातले जंतू मरतात, हे शाळेतलं पोरही सांगेल. सगळे मात्र मरत नाहीत. काही जंतू असे, की वाईट दिवस आले की ते अंगाभोवती टणक कवच ओढून घेतात आणि आत झोपी जातात. हेच बीजाणू. बाभळीचं बी शेळीच्या पोटातून जाऊन, दोन उन्हाळे मातीत पडून, तिसऱ्या पावसाला उगवतं, त्याच चालीचे. त्यातल्या एका जातीला उष्णता नुसती सोसते असं नाही, आवडते. दुसरे जिथं होरपळून जातात तिथं ही जात संसार थाटते. तिच्यानं रोगराई होत नाही. पण दुधाच्या पावडरीत ती वाढली की चव आंबते, आणि बाळांचं अन्न बनवणारी गिऱ्हाइकं पोती परत धाडतात.

पूर्वी असा जंतू ओळखायचा म्हणजे तो बशीत वाढवा, रंगवा, काचेखाली पाहा. एवढं करून कळायचं ते जातीचं नाव. मग कूळदर्शी आला. हे यंत्र एकेका बीजाणूची जनुकं वाचायचं, देशभरच्या नोंदींशी ताडून बघायचं आणि तो कुठल्या गावच्या मातीतून, पाण्यातून आला ते सांगायचं. ज्याचं कूळ सापडलं ते गाव कूळपटावर चढायचं, आणि कूळपट देशातल्या प्रत्येक डेअरीत उघडा असायचा. एकदा गाव चढलं की त्याचं दूध कुणी घेत नसे, संघ नाही आणि खाजगीवालाही नाही. नदीपलीकडचं एक गाव मागच्या वर्षी असंच चढलं होतं. आता तिथल्या गोठ्यांत लोक मोटारसायकली लावत.

हे सगळं कावेरीला ठाऊक होतं. संघाची लॅब तिच्याच हाती होती, आणि कूळदर्शी तिथं यावा म्हणून अर्जही तिनंच केला होता.

*

दुपारी कॅन्टीनमध्ये हेमराज डबा घेऊन समोर बसला. हेमराज तिचा नवरा, पावडर प्लान्टचा इंजिनीअर. दुधाला आच देणारे हीटर, त्याचं पाणी उडवून घट्ट करणारी उभी नळकांडी, त्याची भुकटी करणारा मनोरा, सगळं त्याच्या ताब्यात.

"कळलं मला," तो म्हणाला. "लग्नात सासऱ्यांनी एक चरवी दिली म्हणून मी नावं ठेवत होतो. बरोबर एवढं मोठं गोकुळ दिलंय हे माहीत नव्हतं."

"हसू येत नाहीये मला."

"मग रडून काय होणार? यंत्र खोटं बोलतं का?"

"नाही."

"झालं तर." त्यानं भाकरी मोडली. "हे बघ, पोती परत आली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. प्लान्टमध्येच काहीतरी आहे म्हणे. मी सांगत होतो, आमच्याकडे दूध एवढं तापतं की आत काही जगूच शकत नाही. गरम केलं की मेलं सगळं. आता यंत्रानंच सांगितलं की बाहेरून आलंय."

कावेरीनं त्याच्याकडे पाहिलं. गेले दोन महिने तो झोपेत दात खात होता. आज त्याच्या चेहऱ्यावरची शीर मोकळी झाली होती. तो मोकळा व्हायचा तर तिचं गाव बांधलं जाणार होतं.

"मी एकदा झऱ्याचं पाणी आणते," ती म्हणाली.

"कशाला? नाव तर निघालंय."

"आणते."

*

तिसऱ्या प्रहरी ती उनपाण्यात पोचली. संघाची बिनड्रायव्हरची गाडी केंद्रापुढे उभी राहून आपसूक शिट्टी घालत होती आणि दुर्पताकाकू तिला शिव्या देत होती.

"येऊ राहिली ना, उरावर काबरं बसली माझ्या? आधी डायवर होता तर च्या पिऊन थांबे तरी. इले च्या बी पाजता येत नाही."

दुर्पताकाकू म्हणजे कावेरीच्या वडिलांची धाकटी भावजय. आई लवकर गेल्यावर कावेरीला हिनंच वाढवलं. गावचं दूध केंद्र तिच्याच हाती होतं. कावेरीच्या हातातल्या बाटल्या तिला आधी दिसल्या, कावेरी नंतर.

"आली का व माय? आनि खाली बाटल्या घेऊन? माहेरून भरून नेतात, हे खरं, पन पाटी तरी आनाची."

"काकू, बातमी कळली ना?"

"गाडीच बोलली सकाळी. 'आपल्या केंद्राचं दूध तपासाधीन आहे.' गोड आवाजात." काकूनं पदर खोचला. "तुझं यंत्र आमाले घान म्हनतं?"

"घाण नाही म्हणत. कूळ सांगतं."

"हां, कूळ." काकूनं गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. "आधी मानसाचं इचारत होते, आता दुधाचं इचारू लागले. लय सुधारना झाली."

दोघी झऱ्यावर गेल्या. उनामायच्या कुंडाकाठी बाया दुधाच्या कॅन धूत बसल्या होत्या. वाफेत त्यांचे चेहरे धूसर दिसत. कुंडाच्या कडेला दगडांवर पिवळसर, बुळबुळीत साय चढलेली. कावेरीनं लहानपणी तिच्यावरून घसरून गुडघे फोडले होते.

"कॅन इथंच धुता अजून?"

"आनि कुठी धुनार? तू नव्हती धूत?" काकू म्हणाली. "गरम पान्यानं धुतलं की मेलं सारं. उनामायच्या पान्यातली कॅन कधी नासत नाही."

कावेरीचा हात बाटलीवर थांबला. हेच वाक्य दुपारी हेमराजनं भाकरी मोडता मोडता म्हटलं होतं. एकाकडे डिग्री होती, एकीकडे देवी, पण श्रद्धा दोघांची एकच: ऊन म्हणजे शुद्ध. आणि त्या बाटलीत जे भरत होतं त्याला ऊनच प्यारं होतं.

"काकू," ती हळूच म्हणाली, "बी इथलंच आहे. आपल्या कॅनमधून जातं ते. यंत्र खोटं नाही बोलत."

कॅन घासणाऱ्या बायांचे हात थांबले. काकूनं एक धुतलेली कॅन उलटी घातली.

"मंग अंगठा देशील."

"माहीत नाही."

"माहीत नाही कसं? लहानपनी खोटं बोललीस तर मी कानाखाली देत होती. आता खरं बोलाचीस तर कोन देईन?" ती वळून चालू लागली. मग पाठमोरीच, दळणाला बसल्यासारखी, अर्धं गात अर्धं बोलत म्हणाली,

बी गं माहेराचं, वेल सासरी चढला
फळ कडू निघालं, दोस बियाला जडला

ही ओवी कावेरीनं कधी ऐकली नव्हती. काकूनं ती चालता चालताच जुळवली होती, आणि जुळवून विसरलीही असेल. कावेरी मात्र स्कूटर चालवत घाट उतरेपर्यंत तीच घोळवत राहिली. फळ कडू निघालं. वेल सासरी चढला. वेल कुठं चढला?

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये आली.

कूळदर्शीला दोन विद्या येत. एक जनुकं वाचण्याची, कूळ सांगण्याची. दुसरी कुणी फारशी विचारत नसे, कारण कूळपटाला तिची गरज नव्हती. बीजाणू जन्मताना भोवती जेवढी आच असेल तसं त्याचं अंग घडतं. गार जागी जन्मला तर आत ओलावा जास्त, कवच सैल. तापल्या जागी जन्मला तर आतून कोरडाठाक, कवच घट्ट. मडकं कुठल्या आचेत भाजलं ते कुंभार टिचकी मारून सांगतो, तसं यंत्र त्याच्यावर बारीक प्रकाशकिरण टाकतं आणि परतलेल्या उजेडावरून सांगतं, हा कुठल्या आचेत जन्मला. कूळ म्हणजे वाडवडील कुठले. जन्म म्हणजे हा स्वतः कुठं पोसला.

तिनं आधी झऱ्यातले बीजाणू ठेवले. कूळ उनपाणी. जन्म: झऱ्याच्या पाण्याइतकीच ऊब.

मग परत आलेल्या पोत्यातले ठेवले. कूळ उनपाणी. जन्म:

तिनं आकडा पाहिला, काच पुसली, पुन्हा ठेवले. आकडा हलला नाही. हे बीजाणू झऱ्याहून कितीतरी तापल्या जागी जन्मले होते. उनामायला आयुष्यात कधी एवढा ताप चढला नव्हता. एवढी आच, आणि वर खायला दूध, अशी जागा साऱ्या तालुक्यात एकच होती.

बी झऱ्याचं होतं खरं, पण ओंजळभर. पोती भरतील एवढं पीक दुसऱ्याच वावरात आलं होतं. आणि यंत्रानं त्या वावराचं नाव घेतलं नाही, कारण ते त्याला ठाऊकच नव्हतं. देशभरच्या त्या नोंदींत गावं होती, विहिरी होत्या, गोठे होते, ओढे होते. कारखाना एकही नव्हता. कारखान्याच्या आतून नमुना घ्यावा असं कुणाला सुचलंच नव्हतं. अर्ज करणाऱ्या कावेरीलाही नाही.

हेमराज दोन नंबरच्या हीटरपाशी उभा होता. त्याच्या घरघरीत मोठ्यानं बोलावं लागे.

"याला शेवटचा धुतला कधी?"

"वेळापत्रकाप्रमाणे."

"कुठल्या वेळापत्रकाप्रमाणे?"

त्यानं हीटरच्या काट्याची काच बाहीनं पुसली. लग्नाच्या एवढ्या वर्षांत तिला त्याची विषय टाळण्याची एकेक तऱ्हा कळत होती. ही जुनी होती, दात खाण्याच्या आधीची.

"नदी आटलीये, कावेरी," तो शेवटी म्हणाला. "एकदा हीटर कॉस्टिक सोड्यानं, मग ॲसिडनं, मग साध्या पाण्यानं धुवायचा म्हणजे टँकरच्या टँकर जातात. कॉलनीतल्या बायका हंडे घेऊन रांगेत, आणि मी इथं लोखंड न्हाऊ घालू? वरून सांगितलं, धुणं लांबवा. मी लांबवलं. तापतंय ना सगळं, काय होणार होतं?"

"हेच होणार होतं."

"तू सांगणारेस त्यांना?"

"तू सांगितलंस तर बरं."

"मी सांगितलं तर माझी नोकरी जाते. तू सांगितलंस तर दोघांची." तो हसल्यासारखा झाला. "चरवी तरी विकता येईल."

*

अकराला संचालक आले. वायकोळेसाहेबांनी लॅबमध्ये खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, पेढेही होते. उनपाण्याहून दुर्पताकाकू चार बायांना घेऊन आली होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. खुर्च्या संपल्या होत्या म्हणून त्या दाराशी उभ्या राहिल्या.

पडद्यावर नोंद तयार होती: उनपाणी, जलस्रोत, दूषित. खाली अंगठ्यासाठी चौकट लुकलुकत होती.

"द्या," वायकोळेसाहेब म्हणाले.

कावेरीनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "नाही देणार."

एका संचालकांचा पेढा हातातच राहिला.

"माहेर आहे म्हणून?" वायकोळेसाहेब म्हणाले. "मॅडम, विज्ञानात नाती नसतात."

"बरोबर आहे, साहेब. म्हणून तर नाही देत." तिनं झऱ्याचा आणि पोत्याचा, दोन्ही निकाल पडद्यावर शेजारी आणले आणि सांगितलं, जसं सकाळी स्वतःला सांगितलं होतं तसं. बी कुठलं आणि जन्म कुठला, मडकं आणि आच. "बी उनपाण्याचं आहे. ते मी लपवणार नाही. पण ही पोती झऱ्यात नाही भरली. ती आपल्या घरात भरली. गावाचं नाव घालायचं तर शेजारी आपलंही घाला. नाहीतर मी अंगठा देत नाही, आज नाही आणि तुम्ही दुसरा माणूस आणलात तर त्यालाही हेच दाखवीन."

"हा तर्क झाला," वायकोळेसाहेबांचा आवाज चढला. "सिद्ध कुठं झालंय? आमच्या प्लान्टमध्ये काही वाढू शकतं याला पुरावा?"

"हीटर उघडा."

"चालू उत्पादन थांबवून? तुमच्या सांगण्यावरून? हीटर उघडायचा की नाही ते इंजिनीअर ठरवतात. हेमराज?"

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. कावेरीनं पाहिलं नाही. तिला त्याला भीक घालायला लावायचं नव्हतं, आणि स्वतः मागायचीही नव्हती. ती पडद्याकडेच बघत राहिली.

हेमराज नुसता निघून गेला. वायकोळेसाहेबांच्या ओठावर समाधान येऊ लागलं, तेवढ्यात खालून येणारी घरघर मंदावली, आणि मग, कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच, थांबली. त्या शांततेत पाना नटावर आदळल्याचा आवाज स्पष्ट आला.

खाली पोचेस्तोवर त्यानं बोल्ट सैल केले होते. हीटरच्या प्लेटा पत्त्यांच्या कॅटासारख्या उभ्या दाटलेल्या. त्यातली एक त्यानं ओढून काढली. चकचकीत स्टील असायला हवं होतं तिथं पिवळसर, बुळबुळीत साय चढली होती. आंबूस वास पसरला. एका संचालकांनी नाकाला रुमाल लावला.

दुर्पताकाकू पुढे झाली, वाकून बघितलं.

"व माय," ती म्हणाली. "उनामाय इथी कवा आली?"

कुणीतरी हसलं आणि लगेच हसू दाबलं.

"काकू, एक गोष्ट आहे," कावेरी म्हणाली. आता बोलली नसती तर पुन्हा कधी बोलली नसती. "ती तुमच्या कॅनमधून आली. झऱ्यात कॅन धुणं बंद करावं लागेल. साध्या पाण्यानं, साबणानं धुवा, आणि उन्हात कडक वाळवा."

"म्हंजे आमाले बी सोडत नाहीस."

"नाही."

"चांगली वाढवली मी तुले," काकू रागानं म्हणाली, आणि तो राग होता की दुसरं काही, कावेरीला कळलं नाही.

तिनं कापसाचा बोळा प्लेटेवरून फिरवला. वर येऊन, 'जागेवरचा नमुना' अशी खूण करून यंत्रात ठेवला. पाठोपाठ सगळे जिन्यानं चढून आले. वायकोळेसाहेब कुणालातरी फोन लावत होते, तो लागत नव्हता. यंत्र थोडा वेळ गुणगुणलं. कूळ: उनपाणी. जन्म: पोत्यातल्यांचाच आकडा, जसाच्या तसा. आणि खाली एक ओळ, जी कावेरीनं यापूर्वी कधी पाहिली नव्हती.

जन्मस्थान नोंदींत नाही. नवीन ठिकाण जोडायचे असल्यास नाव द्या.

"हे बंद करा," वायकोळेसाहेब म्हणाले. "मॅडम, ऐकताय का? एकदा चढलं की उतरत नाही ते. एकाही डेअरीनं आजवर स्वतःचं नाव घातलेलं नाही."

"म्हणूनच कूळपटावर नुसती गावं आहेत, साहेब."

उनपाण्याच्या नावाशेजारी तिनं संघाचं नाव लिहिलं. पुढे लिहिलं: पावडर प्लान्ट, हीटर क्रमांक दोन. तिथं तिची बोटं जरा अडखळली, कारण तो नुसता हीटर नव्हता, रोज एका ताटात जेवणारा माणूस होता.

मागून हेमराजचा आवाज आला. त्याच्या हातांना अजून ग्रीसचा आणि त्या सायीचा वास होता.

"पाण्याचंही लिही," तो म्हणाला. "पाणी नव्हतं म्हणून धुतला नाही, वरून सांगितलं आणि मी ऐकलं, हेही लिही. नाहीतर उद्या म्हणतील, हीटरच वाईट कुळाचा."

तिनं तेही लिहिलं. मग पाठीमागे लपवलेला अंगठा पुढे आणला आणि चौकटीवर ठेवला. दाबून ठेवला, चौकट हिरवी होईपर्यंत.

दारातून काकू म्हणाली, "झालं का? गाडी यायची येळ झाली. दूध थांबत नाही कोनासाठी."